मोहाखालचा पाचोळा

बा जंगलाचा राखणदार झाला आणि आमच्या ओसरीवर माणसं येऊन बसेनाशी झाली. त्याआधी दिवेलागणीला चार-पाच जण तरी असायचे. कोणी बिडी ओढायचं, कोणी तंबाखू मळत जवळच्या खाणीतल्या गोष्टी सांगायचं, आणि माय आतून चहा पाठवून पाठवून कंटाळायची. नाकाडोंगरीच्या अलीकडे आमचं गाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला टेकडी. त्या टेकडीवर पूर्वी साग, ऐन, धावड्याचं दाट जंगल होतं म्हणे. मला आठवतं तेव्हापासून तिथं गुडघ्याएवढे खुंट, उघडा मुरूम आणि कोणी हात लावायचा नाही म्हणून उरलेली मोहाची झाडं, एवढंच होतं. बाकीचं साऱ्या गावानं मिळून तोडलं, जळतण म्हणून तुमसरच्या बाजारात नेऊन विकलं. मग बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, पाणी टिकेना, चुलीला काडी मिळेना, तेव्हा त्याच गावानं सभा घेतली आणि ठरवलं की आता टेकडी राखायची. कुऱ्हाड न्यायची नाही, जाळ करायचा नाही, वाळलेलं तेवढं आठवड्यातून एक दिवस उचलायचं. राखणदाराला सुगीत घरटी सूपभर धान द्यायचं. सगळ्यांनी हात वर केले. बा कोणाच्या भांडणात नसायचा, म्हणून राखणदार म्हणून त्याचंच नाव पुढं आलं.

पहिल्याच महिन्यात त्यानं आपल्या चुलतभावाच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली आणि घरामागच्या सांदवाडीतल्या खुंटीला टांगली. दोन दिवसांनी काका आला. ओसरीवर बसला नाही, पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्याच कुऱ्हाड मागितली आणि घेऊन गेला. पुढं अशा कितीतरी कुऱ्हाडी त्या खुंटीवर आल्या आणि गेल्या. नियम सगळ्यांना आहेत म्हणजे आपल्यालाही आहेत, हे हात वर करताना कोणाच्या ध्यानात आलं नसावं. त्याचा सगळा राग आमच्या घरावर निघाला. रोवण्याच्या दिवसांत बायका ओळीनं वाकून धान लावत, गाणी म्हणत. मायला ओळीच्या टोकाची जागा मिळे आणि तिच्या शेजारची बाई गाणं म्हणताना तोंड पलीकडं वळवी. माय संध्याकाळी घरी यायची, चिखलाचे पाय धुवायची आणि तेच गाणं एकटीच, अगदी हळू म्हणायची. मी शाळेच्या वाटेवर मागं राहू लागले. पोरी चिडवत नव्हत्या, मारत नव्हत्या. फक्त मी जवळ आले की बोलणं थांबवत.

घरात त्यामुळं आवाज फार कमी. सकाळी खाणीचा भोंगा, जात्याची घरघर, मायच्या बांगड्या. जेवायला भात आणि लाखोरीचं वरण, कधी बोडीतले मासे, उन्हाळ्यात आंबील. बा जेवता जेवता मध्येच थांबायचा. हातातला घास तसाच धरून टेकडीकडं कान द्यायचा. दूरवर कुऱ्हाडीचा घाव पडला तर त्याला तो ताटावर बसूनही ऐकू यायचा, आणि घाव वाळक्या लाकडावर आहे की ओल्यावर, तेही कळायचं. हळूहळू मलाही कळायला लागलं. ओल्या लाकडाचा आवाज बसका असतो. तो आला की बा ताट सरकवून उठे आणि माय न बोलता त्याच्या ताटावर दुसरं ताट पालथं घाली. आम्ही दोघी मग एकमेकींकडं न बघता जेवत असू.

आता मी जिथं राहते तिथं वर्षातले पाच महिने जमीन दगडासारखी असते. नवरा गेल्यावर मुलानं मला कॅनडात आणलं. मुलगा-सून कामावर जातात, नातू शाळेत, आणि मी खिडकीशी. पहिल्या हिवाळ्यात मी घरातल्या घरातच बोलणं विसरत चालले होते. मग एक दिवस समोरच्या घरातली एल्सी नावाची म्हातारी रस्त्याकडेच्या झाडाच्या खोडाला पांढुरकी पट्टी गुंडाळताना दिसली. तिची एका हाताची बोटं वाकडी झाली होती, पट्टी निसटत होती. मी कोट चढवून गेले आणि पट्टीचं टोक धरलं. आमच्या गल्लीतली रस्त्यावरची झाडं गल्लीतली माणसंच सांभाळतात. थंडी पडण्याआधी मुळांना भरपूर पाणी देऊन ठेवायचं, सशांनी साल खाऊ नये म्हणून बुंध्याभोवती जाळी लावायची, रस्त्यावरच्या बर्फावर टाकलेलं मीठ मुळांपाशी साचू द्यायचं नाही, आणि फांदी गोठली असेल तर तिच्यावरचा बर्फ झटकायचा नाही, कारण ती काचेसारखी तुटते. हे सगळं एल्सीनं मला खुणा करून शिकवलं. माझं इंग्रजी तोकडं, तिला ऐकू कमी येतं. आमचं बरं जमतं.

झाडाशी वागायची रीत मात्र मला आधीच ठाऊक होती. ती बानं शिकवली. सुटीच्या दिवशी तो मला टेकडीवर नेई. तोडलेल्या सागाच्या खुंटातून दहा-बारा फुटवे निघत. सगळे ठेवले तर एकही धड वाढत नाही. म्हणून त्यातला सरळ, जोमदार असा एक ठेवायचा, फार तर दोन, आणि बाकीचे बुडापासून तिरपे कापायचे, म्हणजे कापावर पाणी थांबत नाही. कोणता ठेवायचा हे तो मला विचारायचा. मी दाखवला की थोडा वेळ बघायचा आणि बहुतेक वेळा मान हलवायचा. कधी चुकले तर काही न बोलता दुसऱ्या फुटव्यावर बोट ठेवायचा. दिवसभरात आमच्यात दहा वाक्यं होत असतील. पाच-सहा पावसाळ्यांत ते फुटवे माझ्या डोक्यावर गेले. खाली पाचोळ्याचा थर साचला, त्यात कोंबड्यांसारख्या उकरणाऱ्या पाखरांचे आवाज येऊ लागले. गाव अजून आमच्याशी बोलत नव्हतं, पण बोडीत उन्हाळ्यापर्यंत पाणी राहू लागलं होतं.

त्या सगळ्या वर्षांत माझ्याशी बोलणारी एकच मुलगी होती, गिरजा. आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. तिचा बाप खोकल्यानं गेला होता, माय कमरेतून वाकलेली. घरचं सगळं गिरजाच करायची आणि तरीही सदा हसायची. बाकीच्या पोरींना ती सरळ सांगायची, "तिच्या बापानं तुमची कुऱ्हाड नेली, तिनं तं नाई नेली." मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की रात्री अंथरुणात मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हणे. तिनं काही मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालं नाही. मी नाही म्हणूच शकत नव्हते.

टेकडीवरचे मोह घराघरांत वाटलेले होते. गिरजाचा मोह वरच्या अंगाला, आमचा त्याच्या खाली थोड्या अंतरावर. फुलांच्या दिवसांत आम्ही तांबडं फुटायच्या आत टोपल्या घेऊन निघत असू. मोह रात्रभर गळतो. पहाटे त्याखाली उभं राहिलं की टप, टप असा आवाज सगळीकडून येतो आणि त्या गोडसर वासानं डोकं जड होतं. फुलं वेचायची तर खालची जमीन साफ हवी. पूर्वी सगळे मोहाखाली पाचोळा पेटवून देत. जमीन लख्ख होई आणि पिवळी फुलं काळ्या राखेवर चटकन दिसत. राखण सुरू झाल्यावर ते बंद झालं. झाडूनं झाडायचं, असा नियम होता. झाडायला वेळ लागायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच पाचोळा पडलेला असायचा.

त्या दिवशी आम्ही दुपारी दुसऱ्या दिवसासाठी जागा साफ करायला गेलो होतो. गिरजाच्या मायची कंबर धरली होती, तिला उठताही येत नव्हतं. घरी जाऊन गिरजाला पाणी भरायचं होतं, रांधायचं होतं. झाडू अर्ध्यातच मोडला. तिनं कपाळाचा घाम पुसला आणि ओढणीच्या गाठीतून आगपेटी काढली.

"एवढंसंच जाळून टाकू," ती म्हणाली. "पाच मिनटाचं काम हाय. तुह्या बाले कायले कळते?"

 मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी पाचोळा ओढून ओढून ढीग करू लागले. मोहाच्या बुंध्यापासून लांब, मोकळ्या जागी, नीट. मला वाटत होतं की मी काळजी घेते आहे. ढीग माझ्या गुडघ्याइतका झाला. गिरजानं काडी ओढली.

वारा कुठून आला सांगता येत नाही. एक वावटळ टेकडीच्या पोटातून वर चढली आणि पेटलेली पानं उचलून तिनं सागाच्या फुटव्यांत नेऊन टाकली. आम्ही ओढण्यांनी मारलं, पायांनी तुडवलं. मग गिरजा गावाकडं धावत सुटली आणि मी बाला हाका मारत राहिले. तो आला तेव्हा आगीची ओळ आमच्या मोहाच्या खाली पोचली होती. त्यानं मला हात धरून नाल्याच्या बाजूला ढकललं आणि एकटाच डहाळी घेऊन आगीच्या अंगावर गेला. गाव आलं, हे खरं. जे आमच्या ओसरीवर पाय ठेवत नव्हते ते सगळे करंजाच्या ओल्या डहाळ्या घेऊन आले, काकाही आला. ती दुपार आणि दुसरा सगळा दिवस लोक आग झोडपत होते. विझली तेव्हा वरची अर्धी टेकडी काळी झाली होती. बाच्या पायांचे तळवे सोलून निघाले होते. माय त्यांना जवसाचं तेल लावत होती आणि तो छताकडं बघत पडला होता.

इथं झाडांची साल उभी चिरते. हिवाळ्यातलं ऊन खोडाच्या एका बाजूवर पडतं, साल तापते, आणि सूर्य बुडताच एकदम गोठते. त्यानं ती फाटते. त्यासाठीच ती पांढुरकी पट्टी. एल्सीनं मला पहिल्यांदा अशी चीर दाखवली तेव्हा मी त्या चिरेवर हात ठेवला. तिनं विचारलं, तुमच्याकडं झाडांना काय होतं? मी आग एवढाच शब्द सांगितला. पुढचं सांगायला माझ्याजवळ इंग्रजी नव्हतं; मराठीतही मी ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. पुरुष पुढं, बायका मागं. आग कशी लागली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गिरजा गावात आली तेव्हा ती फक्त आग, आग असं ओरडत आली होती. आम्ही दोघी तिथं होतो हे लोकांना माहीत होतं, पण मोहाच्या दिवसांत सगळेच तिथं असतात. बोलणं लवकरच माझ्या बावर आलं. कोणी म्हणालं, राखणदार होता कुठं? कोणी म्हणालं, मोहाची दारू पिऊन पडला असेल. बानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कोणी हसलं नाही की कोणी नाही म्हटलं नाही. बा पायांना फडकी बांधून खाली बसला होता. सरपंचानं त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? बानं मान वर केली नाही.  मला तेव्हा चौदावं लागलं असेल. मी उभी राहिले.

"गिरजानं लावली," मी म्हणाले. "मी होती तेथी. मी पायलं."

गिरजा चार बायकांपलीकडं बसली होती. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत होते की ती आता उठेल आणि सांगेल, पाचोळा हिनं गोळा केला. ती सांगू शकत होती. तिच्या एका वाक्यानं आम्ही दोघी सारख्या झालो असतो. सरपंचानं खरं का म्हणून विचारलं तेव्हा ती नुसतं हो म्हणाली. तिची माय तिला तिथंच पाठीत मारू लागली, दुखऱ्या कमरेनिशी, बसल्या बसल्या. लोकांनी सोडवलं. गिरजाच्या घराला वर्षभर टेकडीवर पाय ठेवायची बंदी झाली. जळतण नाही, मोह नाही. आणि सरपंच सगळ्यांसमोर म्हणाले की राखणदाराची पोर शोभते खरी. काही जणांनी माना डोलावल्या. इतक्या वर्षांत गावानं माझं केलेलं ते पहिलं कौतुक.

घरी जाताना बा माझ्या खांद्यावर भार देऊन हळूहळू चालत होता. घराच्या वळणावर तो थांबला.

"मी सांगून टाकणार होतो, मले झोप लागली होती म्हणून," तो म्हणाला. "मले काढलं असतं राखणीतून. तेवढ्यावर भागलं असतं, यमू."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी त्याला बाकीचं तेव्हाच सांगायला हवं होतं.  माय मागून येत होती, आणि मग आम्ही घरात शिरलो.

त्यानंतर माणसं पुन्हा आमच्या ओसरीवर येऊ लागली. आधी काका, मग दुसरे. माय चहा करू लागली, रोवण्यात तिची जागा ओळीच्या मधे आली. शाळेच्या वाटेवर पोरी माझ्यासाठी थांबू लागल्या आणि मीच काहीतरी निमित्त काढून मागं राहू लागले. कारण त्या वाटेवर आता गिरजा नव्हती. तिची शाळा सुटली होती. जळतण विकत घ्यायला पैसा नाही म्हणून ती शेण्या थापायला पहाटेच गावाबाहेर जायची. आम्ही समोरासमोर आलो तर ती वाट सोडून बांधावर उभी राही, मी निघून जाईपर्यंत. तिच्या डोळ्यांत तिरस्कार असता तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त थकलेली दिसायची. पावसाळ्यात जळलेले खुंट पुन्हा फुटले. बा आणि मी टेकडीवर गेलो, करपलेले फुटवे जमिनीलगत कापले आणि खालून नवे आले त्यातला एकेक राखला. बा आता लंगडत चालायचा. कोणता ठेवू असं त्यानं विचारलं की मी त्यालाच ठरवायला सांगायची. मला निवडता येईना.

पुढच्या उन्हाळ्यात गिरजाचं लग्न ठरलं, सानगडीकडचा मुलगा. बंदीचे अजून थोडे दिवस बाकी होते. आमच्याकडं मांडवावर जांभळीच्या हिरव्या डहाळ्या लागतात, त्याशिवाय लग्नघर लग्नघर वाटत नाही. आणि डहाळ्या राखणदारानं द्यायच्या अशी रीत पडली होती. गिरजाच्या घरून मागायला कोणी आलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी बा सकाळीच नाल्याकाठच्या जांभळींवर गेला आणि भारा बांधून आला. माय म्हणाली, बंदी आहे ना त्या घराला? तर तो म्हणाला, "बंदी जळतणाची हाय. मांडवाची कोनं केली?" मग भारा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "तू नेऊन दे. माह्या पायानं चालवत नाई."

आठ-दहा महिने तो त्याच पायांनी टेकडी चढत-उतरत होता. मी भारा डोक्यावर घेतला.

दोन घरांचं अंतर. अंगणात खांब रोवलेले होते, वर बांबू टाकलेले, त्यांवर नुसतं धानाचं तणीस. गिरजाची माय दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मला बघितलं, डहाळ्यांकडं बघितलं आणि बोटानं अंगणाचा कोपरा दाखवला. मी भारा उतरवला. मागं फिरणार तेवढ्यात गिरजा आतून बाहेर आली. अंगाला हळद, जुनं पिवळं झालेलं लुगडं, केस मोकळे. एका वर्षात ती माझ्याहून कितीतरी मोठी झाली होती. ती आली, भाऱ्याची गाठ सोडली, एक डहाळी उचलून पानं उलटसुलट करून बघितली.

"बस ना," ती म्हणाली. "भात झालाच हाय. जेवून जा."

सभेनंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. आवाज पूर्वीसारखाच, दोन घरांपलीकडून हाक मारावी तसा. आतून शिजलेल्या भाताचा वास येत होता. तिनं एका हातानं भिंतीशी टेकवलेला पाट ओढलाही. मी बसले असते तर मला सांगावं लागलं असतं, निदान तिच्या मायला तरी, की ढीग कोणाच्या हातचा होता. गिरजाला ते सांगायची गरज नव्हती. तिला सगळं ठाऊक होतं, आणि सगळं ठाऊक असून तिनं पाट ओढला होता.

मी म्हणाले, घरी माय वाट बघून राहिली. खरं तर माय माझ्या पुढंच शेतावर निघून गेली होती, आणि हे गिरजालाही माहीत होतं. तिच्याच दारावरून तर माय नुकतीच गेली होती. गिरजा हो म्हणाली. मग तिनं दोन्ही हातांनी डहाळ्या उचलल्या आणि खांबापाशी ठेवलेल्या बाजेवर चढून एकेक करून वर बांधू लागली. स्वतःच्या लग्नाचा मांडव नवरी बांधत नाही. तिच्याकडं बांधणारं दुसरं कोणी नव्हतं. मी फाटकाशी थोडा वेळ उभी होते. तिनं वळून बघितलं नाही, आणि मी घरी आले.